तिकोना देशाची सहावी नागरिक

एप्रिल उजाडला की माझ्या घरात कॉप्यांचे, म्हणजे उत्तरपत्रिकांचे, गठ्ठे येऊन पडतात. बोर्डाच्या कॉप्या केंद्रावर बसूनच तपासाव्या लागतात, पण नववी-अकरावीच्या घरी आणता येतात, आणि त्या आल्या की दिवाणावरचा माझा हक्क संपतो. सुतळी सोडली की एक वास येतो. शाईचा, घामाचा आणि कोण्या पोरानं पेपर लिहिता लिहिता खाल्लेल्या चिंचेचा. बाहेर लूची झळ सुरू झालेली असते. बायको कूलरमध्ये पाणी ओतून गच्चीवरचे पापड गोळा करायला जाते. गल्लीतून टरबूजवाला ओरडत जातो, "लाल नाई निघालं तं वापस!"

हा हंगाम मला एके काळी फार आवडायचा. खोटं कशाला बोलू, हातात लाल पेन असलं की माणूस बसल्या जागी दोन इंच उंच होतो. मी सामाजिक विज्ञानाचा मास्तर. राज्यघटना, नागरिकत्व, मताधिकार हे सगळं मी तीस वर्षं पोरांच्या गळी उतरवत आलोय. त्यात बी.एल.ओ.चं काम, म्हणजे घरोघर फिरून मतदारयादी नीट करायची. वारलेल्यांची नावं कापायची, अठरा पूर्ण झालेल्यांची घालायची, लग्न होऊन गेलेल्या लेकींची काढायची, लग्न होऊन आलेल्या सुनांची जोडायची. आमच्या वॉर्डात माझ्या यादीत कधी चूक निघाली नाही. याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली, हेही मी पोरांना शिकवत होतो, पण शिकवणं वेगळं आणि शिकणं वेगळं.

आता सुतळी सोडताना हात थबकतो. एका एप्रिलात अशाच एका गठ्ठ्यात मी एक पेपर सारून ठेवला होता. तो शाळेचा नव्हता. तो एका देशाचा होता.

देशाचं नाव तिकोना. बुऱ्हाणपुरात बहादरपूर रस्त्याला लागून आमच्या दोन कॉलन्या आहेत. एकीचं माप रस्त्याच्या दगडापासून धरलं, दुसरीचं नाल्याकडच्या दगडापासून. दोन्ही मापं आपापल्या जागी बरोबर होती, पण जिथं भेटायला पाहिजे होती तिथं भेटली नाहीत. मधे एक त्रिकोणी तुकडा उरला. तीन खाटा टाकल्या तर चौथीला जागा होणार नाही एवढा. त्यावर एक कडुनिंब. तुकड्याला लागून पहिलं घर दिगंबरचं, म्हणजे आमच्या दिगूभाऊचं. त्यानं पटवाऱ्याला बोलावून विचारलं, हा तुकडा कोणाच्या हद्दीत? पटवाऱ्यानं दोन्ही नकाशे मांडीवर पसरले, चष्मा पुसला आणि म्हणाला, "भाईसाब, ये तो किसी नक्शे में है ही नहीं."

दुसऱ्या कोणी त्या दिवशीच कंपाउंड ओढून घेतलं असतं. दिगूभाऊचं डोकं वेगळं चालायचं. चौतीस वर्षं तो कागद कारखान्यात कटिंगला होता. मोठ्या रिळाचे कागद मापात कापले की कडेला पट्ट्या उरतात, त्यांना तिकडं कतरन म्हणतात. ती परत लगद्यात जाते. तो मला म्हणाला, "मास्तर, दोन कॉलन्या कापल्या, ही कतरन उरली. आणि आपण तरी कोण आहोत? पुण्याला लग्नाला गेलो तं म्हणतात एमपीवाले आले. इथं सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतात, वो मराठी लोग. कोणी विचारलं तुमचं गाव कोणतं, तं मी अडखळतो. कंपनीचं क्वार्टर सांगू का?"

मग रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं देश जाहीर केला. तोच दिवस का, तर घराला मारून चुना उरला होता. अर्ध्या विटा पुरून त्यांना चुना फासला, ती सरहद्द. झेंडा पावरलूमच्या कोऱ्या कापडाचा, रंगावरून एकमत झालं नाही म्हणून कोराच ठेवलेला. तो शिवून दिला शकुंतलावहिनींनी, दिगूभाऊच्या बायकोनं. स्थापनेला मावा जलेबी आणली होती. वहिनी ताटल्या घेऊन आल्या, ताटल्या घेऊन गेल्या.

आम्ही पाच जण संस्थापक नागरिक. दिगूभाऊ राष्ट्राध्यक्ष. बहादरपूरचे केळीवाले सुकदेवभाऊ, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक औषधांच्या दुकानाचे शेठ. आणि सचिव मी. घटना लिहायची तर मास्तरच पाहिजे, असं सगळ्यांनी ठरवलं, आणि मी ते इतक्या पटकन मान्य केलं की मला आज लाज वाटते. तीन जिल्हे केले. निंब जिल्हा, ही राजधानी, इथं बाक. कूलर जिल्हा, दिगूभाऊच्या कूलरचं पाणी ठिबकायचं तो कोपरा, देशातला एकमेव ओलिताचा भाग. आणि तार जिल्हा, जिथं वहिनींची कपडे वाळत घालायची तार होती. राजभाषेवर दोन संध्याकाळी वाद झाला आणि शेवटी असं लिहिलं की तोंडात येईल ती. प्रवेश चपला काढून. अधिवेशन उन्हाळ्यात, ऊन उतरल्यावर, दिवेलागणीपर्यंत. नागरिकत्वाची कार्डं दिगूभाऊनं स्वतः कापली, रिळाला गुंडाळतात त्या जाड खाकी कागदाची. त्यावर त्रिकोणी शिक्का. तो शिक्का माझ्याकडे असायचा.

हसू येईल तुम्हाला. येऊ द्या. पन्नाशी-साठी ओलांडलेली पाच माणसं विटा ओलांडताना चपला काढतात, हे पाहून कॉलनीतली पोरंही हसायची. पण त्या विटांच्या आत बसलं की खरोखर काही तरी व्हायचं. पोस्टमास्तर जन्मभर साहेबांना सलाम करत आलेला माणूस, तो तिथं तावातावानं भांडायचा. सुकदेवभाऊ केळीच्या बागेला करपा लागल्याचं कोणाला सांगत नसत, ते तिथं सांगत. दिगूभाऊ तर काहीच करायचा नाही. पाय वर घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "पूर्वी शनिवारी ड्यूटी संपवून क्वार्टरवरून गाडीनं इकडं यायचो ना, चांदनी स्टेशन गेलं की बुऱ्हाणपूरची भूक लागायची. आता रोजच पोहोचल्यासारखं वाटते."

परीक्षेची कल्पना माझी. पुढच्या उन्हाळ्यात एक प्रॉपर्टीवाला संध्याकाळी येऊन बसायला लागला होता. गोड बोलायचा, बाकावर टेकायचा आणि पावलांनी हळूच जागा मोजायचा. एक दिवस म्हणाला, "मला पण घ्या तुमच्या देशात." नाही कसं म्हणायचं? मी घटनेत दुरुस्ती केली. यापुढे नागरिकत्वासाठी अर्ज, अर्जासोबत लेखी परीक्षा, उत्तरपत्रिका सचिव तपासणार. प्रॉपर्टीवाल्यानं परीक्षेचं नाव ऐकलं आणि परत आला नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. त्या परीक्षेला आजवर एकच जण बसला.

त्या संध्याकाळी वहिनी चहाचा ट्रे घेऊन विटांपाशी उभ्या होत्या. त्या कधी आत येऊन बसत नसत. ट्रे आत सरकवायच्या, रिकामे कप गोळा करायला परत यायच्या. त्या दिवशी ट्रे ठेवून तिथंच थांबल्या.

"भाऊजी, मला काऊन नाई बनवत तुम्ही नागरिक?"

दिगूभाऊ हसला. "अगं, तू तं देशाची मालकीण आहे!"

"मालकीण नको. नागरिक करा."

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "परीक्षा द्यावी लागेल, वहिनी." मी गंमत केली होती. त्या हसल्या नाहीत. "अभ्यास काय करायचा, तेवढं सांगून द्या," म्हणाल्या.

सातवी शिकलेली बाई. दोन आठवडे त्या दुपारी माझी घटना घेऊन बसत. मला हे दिगूभाऊनं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात, की वरण करपलं. मग एका रविवारी सकाळी निंबाखाली परीक्षा झाली. मी घड्याळ काढून ठेवलं. उत्तरपत्रिकेला दिगूभाऊनं कारखान्यातून आणलेला अखबारी कागद दिला. अखबारी कागद म्हणजे एका दिवसाच्या कामाचा, ऊन लागलं की पिवळा पडणारा. पाच प्रश्न, एक तास. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा बाकावर बसल्या. धुतलेलं पातळ नेसून, पदर खोचून, मान खाली घालून लिहीत होत्या. राष्ट्राध्यक्ष दोनदा घरातून डोकावून गेले, मी त्यांना हटकलं. चहा झाला नाही. देशात पहिल्यांदाच असंतोष पसरला, असं पोस्टमास्तर म्हणाले.

तास झाला. वहिनींनी पेपर दिला. मी सवयीनं पहिल्यांदा वरचे रकाने पाहिले. नाव: द्वारका. वडिलांचे किंवा पतीचे नाव: तिथं आडवी रेघ.

"हे कोणाचं नाव, वहिनी?"

"माझंच."

"पण आधारवर शकुंतला आहे. मतदारयादीतही. मीच लिहिलंय."

"शकुंतला यांनी ठेवलं. तांदळात लिहिलं होतं. द्वारका माझ्या आईनं ठेवलेलं आहे."

लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत मला माहीत नव्हती का? माझ्याही लग्नात झाली. मी अंगठी धरून कोरून कोरून लिहिलं होतं आणि पाहुण्यांनी म्हटलं होतं, मास्तरांचं अक्षर पाहा. तरी मी त्यांना विचारलं, "द्वारका नावाचा काही पुरावा?"

"पुरावा कुठून आणू? माहेरी, दापोऱ्याच्या शाळेत नाव होतं. दाखल्याला वाळवी लागली. आई होती तोवर ती मला द्वारके म्हणायची. ती पण गेली."

"आणि हा रकाना रिकामा?"

"तो रिकामाच राहू द्या ना, भाऊजी. एक कागद असा होऊ द्या."

"अर्ज अपूर्ण ठरतो," मी म्हणालो. "बघू. तपासतो."

आता मी लिहितोय तेव्हा वाटतं, त्या एका वाक्यानंतर मला कोणी तरी कानाखाली वाजवायला पाहिजे होती. पण कोण वाजवणार? सगळ्यांना मी बरोबरच वाटलो. मी स्वतःला तर फारच बरोबर वाटलो. पेपर घरी आणला आणि अकरावीच्या गठ्ठ्याच्या तळाशी सारून ठेवला.

त्या दिवशी जेवताना मी बायकोला विचारलं, तुझं माहेरचं नाव काय गं? सव्वीस वर्षांच्या संसारानंतर मला ते चटकन आठवेना. तिनं भाकरी तव्यावरून उतरवता उतरवता सांगितलं आणि विचारलं, "कुठं भरायचं आहे?" मी म्हणालो, कुठं नाही. मला तेव्हाच उठून तो पेपर काढावासा वाटला पाहिजे होता. मी ताक मागितलं.

वहिनींनी दोनदा विचारलं. एकदा कप उचलताना, हळू, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. "झाला का तपासून?" मी म्हणालो, आधी शाळेच्या कॉप्या, वहिनी, रिझल्टची तारीख आहे. दुसऱ्यांदा मे महिन्यात, भाजीवाल्यापाशी. तेव्हा कॉप्या संपल्या होत्या. मी म्हणालो, नावाचं जरा पडताळून पाहावं लागेल. त्यांनी मान हलवली आणि गवारी निवडायला लागल्या. मी काय पडताळून पाहणार होतो, मलाच माहीत नव्हतं. माझी एक सही आणि एक शिक्का, एवढंच काम होतं. शिक्का माझ्या टेबलाच्या खणात होता.

मे संपता संपता दिगूभाऊ गेला. सकाळी दाढी करता करता बसला तो बसलाच. गालाला अर्धा साबण होता. असा माणूस जातो तेव्हा रडायलाही सुचत नाही. तापीवर राजघाटाला ऊन इतकं होतं की दगडावर पाय ठरत नव्हता. पोस्टमास्तरांनी कोरा झेंडा घडी करून त्याच्याबरोबर दिला. सरहद्दीच्या विटांवरचा चुना उडाला होता, तो पुन्हा मारायचा राहून गेला.

तेरावं झाल्यावर त्याचा मुलगा नितीन आम्हा चौघांना म्हणाला, संध्याकाळी तिकोन्यात बसू या का. पुण्यात नोकरीला असलेला, समजूतदार मुलगा. विटांपाशी त्यानं बूट काढले, ते पाहून सुकदेवभाऊंचे डोळे भरले.

"काका, साफ सांगतो," तो म्हणाला. "आईला एकटीला इथं सोडायचं मला नाई जमत. घराला गिऱ्हाईक आहे, पण त्याला हा तुकडा कंपाउंडमध्ये पाहिजे. नाई तं सौदा कॅन्सल. आई म्हणते, तिकोना राहिला तं ती इथंच राहील, नाई राहिला तं पुण्याला येईल. आता पप्पांचा देश आहे. मी कोण ठरवणारा? तुम्ही सगळे जे म्हणाल ते फायनल."

मुलानं आमच्या खेळाला इतका मान दिला, आणि आम्ही त्याला मीटिंगसारखं घेतलं. मी वही काढली. ठराव वाचला: तिकोना राहावा. एकेकाचं मत विचारलं. सुकदेवभाऊ म्हणाले, "राहू द्या. मी येत जाईन." शेठ म्हणाले, "भावना ठीक आहे, पण पोराची अडचण पाहा." पोस्टमास्तरांनी दिगूभाऊच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिगू नाई, तं बसायचं कोणापाशी? जाऊ द्या." मी म्हणालो, राहावा. दोन आणि दोन.

माझ्या घटनेत लिहिलं होतं, समसमान मतं पडल्यास राष्ट्राध्यक्षांचं मत निर्णायक. राष्ट्राध्यक्ष नाहीत तर काय, हे लिहिलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं की दिगूभाऊ नसेल असं कधी होईल. आम्ही चौघं विटांकडे पाहत बसलो.

वहिनी तार जिल्ह्यात वाळलेले कपडे काढत होत्या. पाठ आमच्याकडे. सगळं ऐकत होत्या, हे आम्हाला माहीत होतं. चिमटे एकेक काढून ओच्यात टाकत होत्या. मग वळल्या.

"भाऊजी, माझा पेपर तपासून झाला का?"

नितीनला काही कळलं नाही, तो माझ्याकडे पाहायला लागला. आणि मी, शपथेवर सांगतो, मला त्या क्षणी कळलं होतं त्या काय विचारतायत. कळलं होतं. पण पंचवीस वर्षांची यादी माझ्या तोंडून बोलली. "वहिनी, मतदान सुरू झाल्यावर यादीत नवं नाव घेता येत नाही. नियम आहे."

"हाव," त्या म्हणाल्या. "नियम तं आहे."

हातातला टॉवेल त्यांनी झटकला, नीट घडी घातली, बाकीचे कपडे उचलले आणि आत गेल्या. त्या संध्याकाळीही थोड्या वेळानं चहा आला. आम्ही प्यालो. कप तिथंच ठेवून उठलो. नितीन म्हणाला, "ठीक आहे काका, मी बघतो."

पाऊस लागायच्या आत घर रिकामं झालं. टेंपोत सामान चढताना मी गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, तब्येतीला जपा, भाऊजी. पेपरचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. नंतर कधी तरी निंब पडला. आता तिथून जाताना टाइल्स लावलेली जागा दिसते, वर पत्रा आणि खाली झाकण घातलेली गाडी. मी रस्ता बदलून पाहिला, पण शाळेला दुसरा रस्ता लांबचा आहे आणि गुडघे म्हणतात, नाटकं नको. एक वीट अजून आहे, गेटच्या कडेला, अर्धी मातीत. चुन्याचा ठिपकाही नाही तिच्यावर. मला माहीत आहे म्हणून दिसते.

लोक म्हणतात, अशा जुन्या गोष्टी एक दिवस अचानक सापडतात. माझ्या बाबतीत असं काही झालं नाही. पेपर कुठं आहे हे मला वर्षभर रोज माहीत होतं. अकरावीचा गठ्ठा शाळेत परत गेला तेव्हा मी तो काढून टेबलाच्या खणात ठेवला होता, शिक्क्याच्या शेजारी. खण उघडला की पिवळी कड दिसायची. मी खण बंद करायचो. पुढचा एप्रिल आला, नवे गठ्ठे आले, लाल पेन घेतलं, आणि पहिली कॉपी कोणाची उचलायची यावर हात अडला. तेव्हा तो बाहेर काढला.

पहिला प्रश्न, देशाच्या सीमा सांगा. माझं अपेक्षित उत्तर होतं विटांची संख्या. त्यांनी लिहिलं होतं: "निंबाचं मूळ आमच्या भिंतीखाली घुसलं आहे, तिथवर एक बाजू. कूलरचं पाणी जाते आणि मुंग्या पितात, तिथवर दुसरी. तारेची सावली संध्याकाळी चार विटा बाहेर जाते, ती धरायची का नाही ते सरांनी सांगावे."

दुसरा, लोकसंख्या. "पाच. सहावी वाट पाहून राहिली आहे."

तिसरा, राष्ट्राध्यक्षांची कर्तव्ये. "बसणे." मी हसलो, एकटाच, मोठ्यानं, आणि बायको स्वयंपाकघरातून पाहायला आली.

चौथा, नागरिकांची कर्तव्ये. "चहा पिऊन झाल्यावर कप आत आणून ठेवणे. अजून कोणी करत नाही."

पाचवा प्रश्न होता, आपणास नागरिकत्व का हवे? तिथं अक्षर जरा बारीक झालं होतं, कागदावर जागा पुरावी म्हणून. "दापोऱ्याला होते तेव्हा म्हणत, ही परक्याचं धन. क्वार्टर कंपनीचं होतं, सोडावं लागलं. हे घर यांच्या नावाचं, पुढं नितीनच्या होईल. कोणी वाईट वागलं नाही, सगळे चांगले आहेत. पण हा तुकडा कोणाचाच नाही, म्हणून वाटते, इथं मी बसले तं मला कोणी ऊठ म्हणणार नाही."

मी लाल पेन बंद केलं. त्या दिवशी अकरावीच्या पोरांच्या कॉप्या तशाच राहिल्या.

गुण द्यायला मला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढच्या कामाला. दिगूभाऊनं दिलेला खाकी कागदाचा एक तुकडा होता माझ्याकडे. तो कापला, कडा घासल्या, शिक्का मारला. नाव घातलं द्वारका. वडिलांचा-पतीचा रकानाच आखला नाही. एवढं करून कार्ड पुन्हा खणात गेलं. कारण काय, तर पुण्याला जायचं कोणत्या तोंडानं? फोनवर ख्यालीखुशाली विचारायचो आणि ठेवून द्यायचो. असे अजून दोन एप्रिल गेले. शेवटी गेल्या वर्षी, कॉप्या संपवून, पुण्याच्या गाडीत बसलो.

सातव्या मजल्यावर फ्लॅट. नितीन कामाला गेलेला. दार वहिनींनी उघडलं. केस पार पांढरे झालेत, बाकी तशाच. "अगं बाई, भाऊजी! इतक्या दूर?" बाल्कनीत एक तार होती, तिच्यावर दोन टॉवेल. मी खुर्चीवर बसलो आणि प्रस्तावना न करता कार्ड पुढं केलं. प्रस्तावना गाडीत पाठ केली होती, ती विसरलो.

त्यांनी कार्ड हातभर लांब धरलं. शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग नाव मोठ्यानं वाचलं, "द्वारका." पुन्हा एकदा वाचलं, या वेळी हळू. आतून त्यांनी औषधांच्या चिठ्ठ्यांची पिशवी आणली, कार्ड तिच्यात ठेवलं, चेन लावली आणि चहा ठेवायला गेल्या.

चहा आम्ही दोघांनी घेतला. खाली लिफ्टचा आवाज येत होता. चहा संपल्यावर मी उठलो, माझा कप उचलला आणि आत नेऊन सिंकपाशी ठेवला. वहिनी मागून आल्या. कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या ओठांवर जरासं हसू आलं.

"म्हणजे पेपर वाचला तुम्ही."

"वाचला, वहिनी."

"किती पडले?"

"पैकीच्या पैकी."

त्यांनी नळ सोडला, कप विसळला, पालथा घातला. हात पदराला पुसले.

"मंग त्या दिवशी तीन-दोन झालं असतं, भाऊजी."